टाकीतला हीटर चिकटतो तेव्हा

पोरी, फिशटँक घेतलास, बरं केलंस. माशांच्या बाबतीत तू आता माझ्या पुढे गेली आहेस, त्यात मी काही बोलणार नाही. पण त्या टाकीत जी काचेची नळी लोंबते आहे ना, तिच्याविषयी या म्हाताऱ्या वायरमनचं ऐकून घे. दुकानदार तुला वॅट सांगेल, किंमत सांगेल, वॉरंटीही सांगेल. हीटर बिघडतो कसा, हे मात्र तो सांगायचा नाही. मला तेवढंच सांगायचं आहे. हीटर बिघडणार, हे धरूनच चाल. तो बिघडेल त्या रात्री मासेही वाचावेत आणि सकाळी पाण्यात हात घालणारी तूही वाचावीस, अशी मांडणी आजच कर.

आधी हीटर लागतो का ते बघ. गोल्डफिशला लागत नाही, तो गार पाण्यातला मासा. मुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये बऱ्याच जणांचं हीटरवाचून निभतं. पण आपण निफाडकडची माणसं. इथे थंडी पडली की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमानाचा आकडा पेपरात येतो आणि द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. घरातलं पाणी बाहेरइतकं गार होत नाही, पण १६-१७ अंशांपर्यंत सहज उतरतं. गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल, फायटर या सगळ्यांना २४ ते २७ च्या दरम्यान ठेवायचं. डिस्कस घेशील तर त्याला २८ ते ३० लागतं, पण तो इतक्यात घेऊच नकोस. आणि नुसत्या गारठ्यापेक्षा वर-खाली होणं वाईट. दुपारी २६, पहाटे १९ असं चार दिवस झालं की माशाची ताकद जाते आणि अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठतात.

आता हीटरच्या पोटात काय असतं ते सांगतो. काचेच्या नळीत एक तापणारी तार आणि तिच्या डोक्यावर थर्मोस्टॅट. साध्या हीटरमधला थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची एकावर एक जोडलेली पट्टी, आपल्या इस्त्रीत असते तीच. दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, म्हणून ऊब लागली की पट्टी वाकते, तिच्या टोकाचा पॉइंट सुटतो, करंट तुटतो. गार झाली की पट्टी सरळ, पॉइंट परत टेकला. प्रत्येक वेळी सुटताना आणि टेकताना बारीकशी ठिणगी पडते. एका रात्रीत हे कितीदा होतं याचा हिशेब कर, म्हणजे हिवाळाभरात त्या पॉइंटचं काय होत असेल ते कळेल. ठिणग्यांनी त्याला खड्डे पडतात, तो काळा पडतो, आणि एखाद्या रात्री दोन्ही पॉइंट वितळून एकमेकांना चिकटतात. मग पट्टीने कितीही ओढलं तरी सुटत नाहीत. असा चिकटलेला हीटर मी फडक्यात गुंडाळून फोडून बघितला आहे. पट्टी बोटाने उचलली तर नुसती वाकली, पॉइंट जागचा हलला नाही. पकडीने ओढल्यावर टक् करून सुटला, आणि दोन्हीकडे सुईच्या टोकाएवढा चकचकीत डाग दिसला. तेवढ्या डागाने टाकी उकडते.

म्हणजे हीटर दोन तऱ्हांनी जातो. एक तर तार जळते आणि तो गार पडतो. किंवा पॉइंट चिकटतो आणि तो थांबतच नाही. लोक पहिल्याला घाबरतात. तू दुसऱ्याला घाबर. बंद पडलेल्या हीटरने पाणी सावकाश उतरतं, मासे तळाशी सुस्त बसतात, खाणं सोडतात, आणि तुला सावरायला एखादा दिवस तरी मिळतो. चिकटलेला हीटर रात्रीत कारभार आटोपतो. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उलट उबेत माशाला प्राणवायू जास्त लागतो. दोन्हीकडून कोंडी.

म्हणून वॅट निवडताना दुकानदाराचं ऐकू नकोस. ‘मोठाच घ्या, लवकर तापेल आणि बंद राहील’ असं तो म्हणतो, ते ऐकायला बरं वाटतं. हिशेब मांड. टाकीची लांबी, रुंदी, उंची फुटांत घे, गुणाकार कर, त्याला २८ ने गुण, आले लिटर. तुझी टाकी दोन-एक-एक, म्हणजे ५६ लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा सोडली तर पाणी धर ५० लिटर. तेवढं पाणी एक अंशाने तापवायला ५८ वॅट-तास लागतात. आता ३०० वॅटचा हीटर त्यात चिकटला तर तासाला पाच अंश. काचेतून जाणारी ऊब वजा धरली तरी रात्री बारा वाजता २६ असलेलं पाणी तीनच्या सुमारास ३८-३९ ला. तू उठेपर्यंत काही उरत नाही.

तिथे ५० वॅटचा असता तर? खोलीपेक्षा दहा अंश वर ठेवायला लिटरला एक वॅट, पाच अंशांसाठी त्याच्या निम्मा, असा ढोबळ नियम आहे. खोली १६ अंशांवर असताना ५० वॅटचा हीटर रात्रभर चिकटून राहिला तरी टाकीला २६ च्या फार पुढे नेऊच शकत नाही. जेवढी ऊब देतो तेवढी काचेतून बाहेर जाते. दुपारी खोली तापली की पाणी वर चढेल खरं, पण सावकाश, आणि तोवर तुझी नजर पडलेली असेल. कमी ताकदीचा हीटर बिघडला तरी कमी ताकदीनेच बिघडतो. दुकानात तुला ही गोष्ट कोणी सांगणार नाही, कारण ३०० वॅटचा हीटर महाग विकला जातो.

जमत असेल तर ५० चा एक घेण्याऐवजी २५ चे दोन घे. एक २६ वर लाव, दुसरा २५ वर. रोजचं काम पहिला करील, थंडी फार पडली की दुसरा मदतीला येईल. एक जळला तर दुसरा निम्मी ऊब राखतो. एक चिकटला तर त्याच्यात टाकी उकडण्याची धमक नसते. दोन्ही टाकीच्या दोन टोकांना. मोठ्या टाकीला तर दोन हवेतच.

व्होल्टेजचंही लक्षात ठेव, हे शहरातल्या पुस्तकात मिळणार नाही. हीटरवर १०० वॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. शेतीचे पंप चालू असताना आपल्याकडे व्होल्टेज १८० वर येतं तेव्हा तोच हीटर ६१ वॅटचा होतो, आणि मध्यरात्री पंप बंद होऊन २६० वर गेलं की १२८ वॅटचा. त्यामुळे संध्याकाळी पाणी तापत नाही म्हणून हीटरवरचा तापमानाचा डायल वाढवू नकोस. पहाटे भोवेल.

डायलवरच्या आकड्याला तर फार मान देऊच नकोस. २६ लिहिलेल्या ठिकाणी पाणी २४ ला थांबतं, नाहीतर २८ ला. नवा हीटर आधी बादलीत लाव. बादलीत वेगळा थर्मामीटर टाकून दिवस-रात्र बघ, कुठे चालू होतो, कुठे बंद होतो, आणि खरा २६ जिथे येतो तिथे डायलवर मार्करने रेघ मार. मग टाकीत. काचेला बाहेरून चिकटवायच्या रंगीत पट्टीपेक्षा आत बुडणारा थर्मामीटर बरा; पट्टी अर्धी खोलीचं तापमान दाखवते. आणि तो हीटरशेजारी लावू नकोस, दुसऱ्या टोकाला लाव. सकाळी चहाचं आधण ठेवलंस की टाकीकडे बघायचं, आकडा बघायचा, आणि काचेला बाहेरून हात लावायचा. हात लावायची सवय झाली की दोन अंशांचा फरक हाताला कळतो.

हल्ली बाहेरून लावायचा कंट्रोलर मिळतो, आकडे दाखवणारा. जरूर घे. हीटरचा डायल २८ वर ठेव आणि कंट्रोलर २६ वर. म्हणजे रोजची उघडझाप कंट्रोलर करील, हीटरच्या आतला पॉइंट शांत बसेल, आणि उद्या कंट्रोलरचा रिले, म्हणजे आतला स्विच, चिकटला तर २८ ला हीटर स्वतः तोडेल. दोन कुलपं झाली. पण या कंट्रोलरची एक खोड आहे. त्याच्या वायरीच्या टोकाचा सेन्सर पाण्यात असतो. पाणी बदलताना तो बाहेर आला आणि टाकीमागे लोंबत राहिला, की त्याला खोलीतली १६ अंशांची हवा लागते. पाणी गारच आहे असं समजून कंट्रोलर हीटर चालू ठेवतो, आणि मग हीटरच्या पॉइंटचं एकच कुलूप उरतं. म्हणून सेन्सर रबरी चकतीने खोल, तळाच्या जवळ घट्ट बसव. नुसता कडेवरून सोडून देऊ नकोस.

आता विजेचं. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार.

हीटरची काच तडकली की पाणी आत तारेपर्यंत जातं आणि टाकीतल्या पाण्यात करंट उतरतो. मासे मात्र मजेत फिरत असतात. करंटला जमिनीकडे जायची वाट माशातून मिळत नाही, ती तुझ्यातून मिळते. फरशीवर अनवाणी उभी राहून तू पाण्यात बोट घातलंस की वाट पुरी झाली. ‘मासे तर ठीक आहेत की’ ही खात्री नव्हे. टेस्टरवरही विसंबू नकोस; तो पेटला तर सावध हो, पण नाही पेटला म्हणून पाणी निर्धोक समजू नकोस.

त्यामुळे नियम एकच, आधी प्लग, मग हात. बटण बंद केलं म्हणजे झालं नाही. जुन्या घरांत कुणीतरी फेज आणि न्यूट्रल उलट जोडून ठेवलेले असतात. तिथे बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज हीटरमध्ये तसाच जिवंत राहतो. प्लग ओढून काढ, वायरला धरून नाही, प्लगला धरून. आणि तो टाकीपासून लांब ठेव, पाण्यात पडू देऊ नकोस.

एमसीबी बसवलाय म्हणून निश्चिंत राहू नकोस. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणूस वाचवतो तो ईएलसीबी, आता आरसीसीबी म्हणतात तो. ३० मिलिअँपिअरचा हवा. तेवढा करंट इकडे-तिकडे गळला की तो क्षणात लाइन तोडतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. भाड्याच्या घरात तो असतोच असं नाही. डीबी, म्हणजे घराचा मेन बोर्ड, उघडून बघ, नसेल तर घरमालकाशी बोल, ऐकत नसेल तर स्वतःच्या पैशाने बसवून घे. माशांवर जेवढे घालवलेस त्यापुढे ते काही नाही. आणि इन्व्हर्टरची लाइन त्या ईएलसीबीमधून गेलीय का, हे वायरमनला विचारून घे. कितीतरी घरांत ती गेलेली नसते.

वायरचं एक साधं काम आहे, लोक करत नाहीत. पाणी वायरवरून ओघळत येतं आणि सरळ सॉकेटमध्ये शिरतं. म्हणून वायरला झोळ दे. प्लगच्या खाली वायर एकदा वीतभर लोंबली पाहिजे आणि मग वर चढून सॉकेटला गेली पाहिजे. ओघळलेलं पाणी त्या झोळाच्या तळाशी टपकतं, बोर्डात जात नाही. एक्स्टेंशन बोर्ड टाकीच्या खालच्या कपाटात ठेवायची फॅशन आहे. अजिबात ठेवू नकोस. बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर लाव. हीटर, फिल्टर, पंप आणि वर फोनचा चार्जर असं सगळं एकाच ढिल्या बोर्डात खोचून ठेवलेलं मला दिसलं तर मी काय बोलेन ते तुला माहीत आहे. पिना ढिल्या बसल्या की तिथे गरम होतं, प्लास्टिक पिवळं पडतं. पिवळा डाग दिसला की बोर्ड बदल, टेप लावत बसू नकोस.

आंघोळीचं पाणी तापवायची रॉड टाकीत घालणारे लोक आहेत. हसू नकोस, शिकलेले लोक घालतात. ती हजार-दीड हजार वॅटची असते आणि तिला थर्मोस्टॅट नसतो. तसेच ते नाव-गाव नसलेले, दोन पातळ वायरींचे बुटके हीटर. ज्याच्यावर वॅट, व्होल्ट आणि पाण्याच्या पातळीची खूण छापलेली नाही, तो फुकट मिळाला तरी आणू नकोस.

हीटर कुठे बसवायचा? फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे, म्हणजे ऊब सगळीकडे पोचते. पाणी हललं नाही तर हीटरजवळ ३० आणि कोपऱ्यात २२ असं होतं. पूर्ण बुडणारा हीटर असेल तर तळाजवळ आडवा लाव. पाणी थोडं उतरलं तरी तो बुडलेला राहतो. वाळूत पुरू नकोस, तिथे काच तापून तडकते. रबरी चकत्या वर्षभरात कडक होतात आणि हीटर सुटून तरंगतो, त्या वेळेवर बदल. सकर मासा असेल तर हीटरवर जाळीचं कव्हर घाल. तो काचेला चिकटून बसतो आणि पोट भाजून घेतो. ऑस्करसारखा दांडगा मासा शेपटीने हीटर फोडतो, त्यालाही तेच.

पाणी बदलायच्या दिवशी सगळ्यात आधी हीटरचा प्लग काढ आणि पंधरा-वीस मिनिटं थांब. हीटर आतून तापलेला असतो. पाणी उतरलं की तो उघडा पडतो, आणि वरून गार पाणी लागलं की काच फुटते. भरून झाल्यावरही लगेच लावू नकोस, काच पाण्याइतकी होऊ दे. आणि परत लावायला विसरू नकोस! त्यासाठी माझी युक्ती अशी, काढलेल्या प्लगला घराची किल्ली बांधून ठेवायची. किल्ली सोडवल्याशिवाय बाहेर जाता येत नाही.

हीटर जायच्या आधी सांगून जातो, बघणारा पाहिजे. हीटरवरचा दिवा सतत पेटलेला आणि पाणी तापतच चाललेलं, म्हणजे चिकटला. दिवा पेटलेला पण नळी गार, म्हणजे तार गेली. दिवा लुकलुकतोय, आतून कर्र आवाज येतोय, म्हणजे पॉइंट खराब झालाय, चार दिवसांचा सोबती. नळीच्या आत दवासारखे थेंब दिसले, किंवा काळा डाग दिसला, तर त्याच क्षणी प्लग काढायचा आणि तो हीटर कचऱ्यात. वाळवून परत लावायचा विचारही करायचा नाही. फेकताना वायर कापून फेक, नाहीतर कुणीतरी उचलून वापरेल.

लाइट गेली तर? हीटरची चिंता आधी करू नकोस, हवेची कर. फिल्टर थांबल्यावर मासे गुदमरतात ते गारठण्याच्या कितीतरी आधी. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेव, तो पुरतो. इन्व्हर्टरवर एअर पंप चालव, हीटर चालवू नकोस, बॅटरी खाऊन टाकतो. टाकीला तिन्ही बाजूंनी गोधडी गुंडाळ, वरून थोडी फट ठेव. फारच उतरलं तर प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरून, झाकण घट्ट लावून, ती टाकीत तरंगत ठेव. गरम पाणी थेट ओतायचं नाही. आणि तांब्याच्या बंबातलं तर मुळीच नाही. त्यात तांबं उतरतं, ते कोळंबी-गोगलगायीला सोसत नाही.

पाणी गार झालेलं सापडलं तर सावकाश चढव, तासाला एक अंश, त्याहून घाई नको. तापलेलं सापडलं तर आधी प्लग काढ, मग एअर पंप पूर्ण सोड, झाकण उघड, पंख्याचा झोत पाण्यावर घे. थोडं पाणी काढून, मुरवलेलं, दोन-तीन अंशांनीच कमी असं पाणी घाल, थोड्या वेळाने परत. बर्फ थेट टाकू नकोस. टाकायचाच तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. मासे वर येऊन तोंड उघड-मिट करत असतील तर त्यांना हवा हवी आहे, खायला नको. त्या दिवशी खायला घालूच नकोस.

आणि वर्षाचं चक्र बसव. कोजागिरीला हीटर माळ्यावरून काढायचा, नळीच्या बुडाला आणि टोपणाजवळ नीट बघायचं, वायर वाकवून भेगा बघायच्या आणि बादलीत दिवसभर चालवून बघायचा. दिवाळी झाली की टाकीत. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं तुझी पणजी म्हणायची. त्या सुमारास पाणी हीटरवाचून २४ च्या वर राहतंय का बघ आणि राहत असेल तर हीटर काढून टाक. उन्हाळ्यात पाणी आपलं आपण ३० च्या वर जातं. तेव्हा टाकीत हीटर नुसता पडून ठेवण्यात काही शहाणपण नाही, पॉइंट चिकटायला त्याला थंडीच लागते असं नाही. बोअरच्या पाण्याने नळीवर पांढरा थर बसतो, तो लिंबू किंवा व्हिनेगर लावून उतरव, खरवडू नकोस. थर राहिला की काच एकीकडे जास्त तापते आणि तडकते. मग हीटर कोरडा कर, कागदात गुंडाळ, आणि घेतलेलं साल चिकटपट्टीवर लिहून वायरीला चिकटव. तीन हिवाळे झाले की चांगला चालत असला तरी बदल. जुना अडीअडचणीला म्हणून ठेवू नकोस. अडचणीच्या रात्री नेमका तोच हाताला लागतो.